शंखाचं तोंड कुणीकडे

१

चंद्रभागाबाईंनी आपलं घर पुतण्याला देऊन टाकलं आहे, ही गोष्ट चंद्रभागाबाईंना दोन वर्षांनी कळली, आणि तीही नोटीस हातात पडल्यावर.

जुनी उमरी गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेली तेव्हा कोंढ्याच्या अलीकडे नवी उमरी वसवली गेली. तिथला तेहतीस नंबरचा प्लॉट, त्यावरच्या दोन खोल्या आणि मागच्या अंगणातली मुनग्याची, म्हणजे शेवग्याची, दोन झाडं, एवढीच काय ती चंद्रभागाबाईंची इस्टेट. शेती धरणात गेली होती, नवरा त्याच्याही आधी गेला होता, आणि मूलबाळ नव्हतं. साठी उलटलेली बाई पावसाळ्यात दुसऱ्यांच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, धान रोवायला जायची आणि संध्याकाळी आपल्या घरात येऊन आपलं कुलूप उघडायची. तेवढ्यावर ती खूश होती.

आता पुतण्या कैलाशनं पुनर्वसन कार्यालयात एक संमतीपत्र दाखल केलं होतं. त्यात लिहिलं होतं, की मी राजीखुशीनं माझा प्लॉट पुतण्याच्या नावे करून देत आहे. तारीख दोन वर्षांपूर्वीची, १९ जुलै. त्या वर्षीच्या ३१ जुलैपर्यंतचीच संमतीपत्रं विचारात घ्यायची असं ठरलं होतं, त्यामुळे ती तारीख अगदी मापात बसत होती. खाली जांभळ्या शाईतला अंगठा आणि त्याच्या शेजारी छापलेलं, ‘निशाणी, उजव्या हाताचा अंगठा’. साक्षीदार म्हणून गावातल्या यादोरावांची सही.

चंद्रभागाबाईंनी कार्यालयात जाऊन सांगितलं, की मी असा अंगठा कुणालाच दिला नाही. साहेबांनी शुक्रवारी सुनावणी ठेवली आणि कागद तपासायला भंडाऱ्याच्या अंगुलिमुद्रा विभागाकडे पाठवला. तिथं तो मंगळवारी सकाळी तृप्ती हटवारच्या टेबलावर आला.

तृप्ती शहापूरची. सहा वर्षं ती हेच काम करत होती, आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाढणाऱ्याच्या चेहऱ्याआधी त्याची बोटं बघायची खोड तिला लागली होती. बोटांच्या रेघा खोटं बोलत नाहीत, असं तिला उठसूट कुणीतरी ऐकवायचं. ती म्हणायची, रेघा मुळी बोलतच नाहीत. बोलतो आपण, आणि चुकतोही आपणच. हे वाक्य त्याच आठवड्यात तिच्याच अंगावर येणार होतं, पण मंगळवारी तिला ते ठाऊक नव्हतं.

तिनं भिंग लावलं. माणसाच्या बोटावरच्या रेघांचे मुख्य प्रकार तीन. गोल फिरून मिटणाऱ्या रेघांचं चक्र, एका बाजूनं चढून दुसऱ्या बाजूनं उतरणारी कमान, आणि ज्या बाजूनं आत शिरल्या त्याच बाजूनं वळून बाहेर पडणाऱ्या रेघांचा शंख. शंख सगळ्यात जास्त सापडतो, आणि त्याला तोंड असतं. ते तोंड जवळजवळ नेहमी करंगळीच्या बाजूला उघडतं. हात टेबलावर पालथा ठेवला की उजव्या हाताची करंगळी उजवीकडे येते आणि डाव्याची डावीकडे. म्हणून कागदावर उमटलेला एकुलता एक शंख बघूनही हात उजवा की डावा, याचा अंदाज बांधता येतो.

ठसा मोठा सुरेख उमटला होता. रेघ न् रेघ मोजता येत होती, घामाची छिद्रंसुद्धा दिसत होती. असा ठसा मिळाला की तृप्तीला एरवी बरं वाटायचं. तिनं शेजारची छापील ओळ पुन्हा वाचली. उजव्या हाताचा अंगठा.

शंखाचं तोंड डावीकडे होतं.

२

नमुन्याचे ठसे घ्यायला ती त्याच दुपारी हवालदार टिकारामला घेऊन नव्या उमरीला गेली. टिकारामची नोकरीची चार वर्षं उरली होती आणि कुठल्याही गावात पाऊल टाकताच तिथं आपला कोण नातेवाईक आहे हे त्याला आठवायचं. इथंही त्याला साडूची बहीण आठवली. तृप्तीनं त्याला ती विसरायला सांगितली.

चंद्रभागाबाई दुपारच्या सुट्टीत रोवणीवरून घरी आल्या होत्या. पोटऱ्यांपर्यंत चिखल, डोक्यावर पदर, आणि बोलणं मोजकं. हात धुऊन, लुगड्याला पुसून त्यांनी आधी पाणी दिलं, मग चहा ठेवला. तृप्तीनं विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "मी कायले देऊ वो कोनाले घर? माह्याजवळ दुसरं आहे काय जाऊन राहाले?"

उजव्या अंगठ्याचा ठसा पहिल्याच खेपेला स्वच्छ उमटला. शंखच होता, तोंड उजवीकडे. मधल्या गाभ्यापासून कडेच्या त्रिकोणापर्यंत तृप्तीनं रेघा मोजल्या, तेरा भरल्या. कागदावरच्या ठशात त्या नऊ होत्या. नियम म्हणून तिनं डावाही घेतला. तो दोनदा नुसता शाईचा डाग झाला आणि तिसऱ्या खेपेला कडेनं थोडा उमटला, मधे पांढरा राहिला. चिखलात काम करणाऱ्या बाईचा हात, त्यात काय नवल, असं म्हणून तिनं कागद पिशवीत ठेवला.

आणि इथं तिनं करू नये ते केलं. चंद्रभागाबाई दारात उभ्या राहून तिच्या तोंडाकडे बघत होत्या. तृप्तीला ते बघवलं नाही. ती म्हणाली, "मावशी, हा तुमचा उजवा अंगठा नाही."

त्या लगबगीनं आत गेल्या. डब्यातला लाडू काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवला.

तेवढ्यात शेजारच्या घरातून निर्मलाबाई आल्या. त्या चंद्रभागाबाईंच्या धाकट्या जाऊ आणि कैलाशची आई. चार बायका बोलत असल्या की जी पाचवी गप्प बसते, तशा शांत. गावातल्या बचत गटाच्या त्या अध्यक्ष, त्यामुळे काखेत हजेरीचं रजिस्टर आणि पिशवीत शाईची डबी कायम असायची. पोराच्या कागदामुळे त्या ओशाळल्यासारख्या दिसत होत्या. कैलाश म्हणतो मोठीमायनं, म्हणजे त्याच्या थोरल्या काकूनं, दिलं आणि बाई म्हणतात नाही दिलं, आपण कुणाच्या बाजूनं बोलावं, असं त्या म्हणाल्या. तीस वर्षं दोघी एकाच ओळीत धान रोवत आल्या होत्या. बाई ओळीच्या टोकाला, त्यांच्या बाजूला निर्मलाबाई, ही जागा कधी बदलली नाही.

"जावेसारखी नाई, भैनीसारखी आहे ते मले," चंद्रभागाबाई तृप्तीला म्हणाल्या. निर्मलाबाईंनी रजिस्टर या काखेतून त्या काखेत घेतलं, त्यातलं जांभळ्या अंगठ्यांचं पान उलगडलं ते मिटलं, आणि त्या निघून गेल्या.

कार्यालयात परतल्यावर तृप्तीनं डाव्या अंगठ्याचा अर्धामुर्धा ठसा कागदावरच्या ठशाशेजारी ठेवला. केवळ काम पुरं करायचं म्हणून. मधल्या रेघा पुसट होत्या, पण कडेच्या शाबूत होत्या. एका रेघेला दोन फाटे फुटले होते, ते दोन्हीकडे. एक रेघ मधेच संपली होती, ती दोन्हीकडे. एक डोळ्याच्या आकाराचं बेट होतं, तेही. बारा खुणा जुळल्यावर तिनं पेन्सिल खाली ठेवली.

ठसा चंद्रभागाबाईंचाच होता.

३

बुधवारी सकाळी ती आणि टिकाराम भुपेंद्रच्या दुकानात गेले. भुपेंद्र ऑनलाइन सेवा केंद्र चालवायचा. सातबारा, दाखले, फॉर्म, फोटो आणि उन्हाळ्यात जोडीला कुल्फी. संमतीपत्र त्याच्याच संगणकावर टाइप झालं होतं.

तो म्हणाला, बाई स्वतः आल्या होत्या. १९ जुलैला, सकाळी. माझ्यासमोर अंगठा दिला. तृप्तीनं विचारलं, कुठला? तो म्हणाला, उजवा. बायकांचा आम्ही उजवाच घेतो, पुरुषांचा डावा.

"पण हा डावा आहे," तृप्ती म्हणाली.

भुपेंद्रनं कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि थोडा वेळ बघत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला.

"बरोबर, मॅडम. आता आठवलं. रोवनीचे दिवस होते ना. बाईचा उजवा अंगठा उमटतच नव्हता, पार घासून गेल्ता. मंग मी डावा घेतला. लिवतानी सवयीनं उजवा लिवून गेलो."

त्याचं म्हणणं अगदी पटण्यासारखं होतं. रोवणाऱ्या बाईच्या एका हातात रोपांची पेंडी असते, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं आणि बोटांनी ती दोन-तीन रोपं चिखलात खुपसते. दिवसातून हजारो वेळा, तीन-चार आठवडे. त्या अंगठ्याच्या रेघा उरत नाहीत. या दिवसांत रेशन दुकानातल्या यंत्रावर बायकांचे अंगठे लागत नाहीत, म्हणून अर्धा जिल्हा बोंब मारतो. पेंडी धरणारा हात मात्र ठीक असतो. डावा अंगठा, रोवणीचे दिवस, स्वच्छ ठसा, सगळं एकमेकांत नीट बसत होतं.

निघताना तिनं टेबलावरची शाईची डबी उघडून पाहिली. शाई निळी होती. दोन वर्षांत डबी बदलली असेल, असं भुपेंद्र न विचारताच म्हणाला.

यादोराव घराच्या ओट्यावर बसून रेडिओ ऐकत होते. पंचाहत्तरीच्या या माणसानं आयुष्यात इतक्या कागदांवर साक्ष घातली होती, की कुठल्या कागदावर काय होतं हे आठवायचं त्यांनी सोडून दिलं होतं. भुपेंद्र म्हणाला इथं सही करा, मी केली. बाई समोर होत्या का? असतील, ते म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, नसतीलही.

कैलाश तिशीचा, नागपूरला ट्रक दुरुस्तीच्या कारखान्यात कामाला. नोटिशीमुळे सुट्टी घेऊन आला होता. त्याचा सगळा राग सरकारवर होता. वयात आलेल्या पोराला वेगळा प्लॉट मिळत होता आणि यादीच्या तारखेला तो अठराला चार महिने कमी पडला होता. बाप गेला, घर लहान, आता लग्न ठरत होतं. संमतीपत्राचं त्याला आईनं सांगितलं होतं, मोठीमायनं दिलं म्हणून. तो स्वतः त्या जुलैत नागपूरला होता, हजेरीकार्ड दाखवायला तयार होता. मोठीमाय आजारी पडली तेव्हाही आपण भेटायला आलो नाही, ते ती अजून मनात धरून आहे, एवढं मात्र त्यानं आपणहून सांगितलं.

टिकारामनं परतताना गाडीत आपलं मत दिलं. म्हातारपणी माणूस विसरतो, त्याची सख्खी आजी जेवण झाल्यावर पुन्हा ताट मागायची. बाईंनी अंगठा दिला असेल आणि आता आठवत नसेल.

तृप्ती खिडकीबाहेर बघत होती. तिच्या पिशवीत तो लाडू अजून तसाच होता. शुक्रवारी तिला अहवाल द्यायचा होता आणि त्यात एकच वाक्य येणार होतं, ठसा चंद्रभागाबाईंच्या डाव्या अंगठ्याचा आहे. त्या एका वाक्यानं बाईचं घर जाणार होतं, वर ती खोटारडी ठरणार होती. आणि घर वाचलं असं तिला सांगून बसलेली तृप्तीच होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

४

निदान हे तोंडावर जाऊन सांगावं, म्हणून गुरुवारी सकाळी ती एकटीच निघाली. घराला कुलूप होतं. बायका बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, खालच्या बांध्यांत गेल्या आहेत, असं कुणीतरी सांगितलं. चपला हातात घेऊन ती धुऱ्याच्या अरुंद बांधावरून चालत गेली.

आठ बायका एका ओळीत वाकून मागे मागे सरकत होत्या. त्यांच्यापुढं हिरव्या रोपांच्या ओळी तयार होत होत्या. चंद्रभागाबाई ओळीच्या अगदी टोकाला, धुऱ्याला लागून होत्या. तृप्तीला बघून त्या हसल्या, पण काम थांबवलं नाही, कारण एक थांबली की ओळ वाकडी होते.

"सांग ना वो, पोरी. काय म्हनून राहिले तुमचे साहेब?"

तृप्ती बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिची नजर सवयीप्रमाणे बोटांवर गेली. सात बायकांच्या डाव्या हातात पेंडी होती आणि उजवे हात चिखलात जात होते. आठवीच्या उजव्या हातात पेंडी होती. तिचा डावा हात चिखलात जात होता.

तृप्ती धुऱ्यावर उभीच राहिली. मग तिनं विचारलं, "मावशी, तुम्ही डाव्या हातानं रोवता?"

ओळीतून हसू फुटलं. मधली एक म्हणाली, की ही जन्माची डेबरी, म्हणून तर हिला टोकाला ठेवतो, मधे घातली तर तिचा कोपर शेजारणीच्या तोंडात जातो. चंद्रभागाबाई म्हणाल्या, लहानपणी आईनं हात बांधून ठेवून उजव्यानं जेवायला शिकवलं, चहापाणीही लोकांना उजव्यानंच देते, पण चिखलात कोण बघतं? अख्ख्या गावाला हे ठाऊक होतं. म्हणूनच कुणाला ते सांगावंसं वाटलं नव्हतं.

तृप्तीनं पिशवीतून शाई आणि कागद काढले. टोळीची मुकादमीण कुरकुरली, पण सरकारी काम म्हटल्यावर गप्प बसली. एकेक बाई धुऱ्यावर येऊन, हात धुऊन, दोन्ही अंगठे देऊन गेली. निर्मलाबाई सगळ्यांत शेवटी आल्या. आठ बायका, सोळा ठसे. सात जणींचे उजवे अंगठे नुसते डाग आणि डावे स्वच्छ. चंद्रभागाबाईंचं बरोबर उलटं.

मंगळवारीही उलटंच होतं. उजवा पहिल्या खेपेला उमटला होता, डावा तिसऱ्या खेपेलाही धड नव्हता. तो ठसा तिनं स्वतःच्या हातानं घेतला होता आणि चिखलातला हात म्हणून पिशवीत टाकला होता. कुठला हात, हे विचारायची तसदी तिनं घेतली नव्हती.

तिनं मुकादमिणीला विचारलं, दोन वर्षांमागं रोवणी कधी धरली होती? तिच्याकडे टोळीची वही होती. ५ जुलैला धरली, महिनाअखेरीपर्यंत चालली, चंद्रभागाबाईंचा एक खाडा नाही.

म्हणजे १९ जुलैला पंधरा दिवस रोवणी केलेल्या डेबऱ्या बाईचा डावा अंगठा भुपेंद्रच्या दुकानात उमटणं शक्य नव्हतं. उमटला असता तर उजवा. भुपेंद्रनं जो अंगठा घासला म्हणून सांगितलं, तोच त्या दिवशी शाबूत होता, आणि जो घेतला म्हणून सांगितलं, तो घासलेला होता.

ठसा खरा होता आणि तारीख खोटी. पण मग तो घेतला कुणी, आणि कधी?

५

रोवणी संपली की दोनेक महिन्यांत कातडी पुन्हा धरते आणि रेघा वर येतात. म्हणजे ठसा हिवाळ्यातला किंवा उन्हाळ्यातला. तारीख मागाहून घालता येते, त्यामुळे वर्षही कुठलंही असू शकतं. तृप्ती धुऱ्यावर बसून विचार करू लागली. बायका पुन्हा ओळीत लागल्या होत्या.

या गावात बायकांचा उजवा अंगठा घेतात. बँकेत, दुकानात, बचत गटात, सगळीकडे. ज्यानं कुणी लपून ठसा घेतला, त्यालाही ही रीत ठाऊक असणार. मग हाताशी उजवा असताना त्यानं डावा का घेतला? उजवा हाताशी नव्हता म्हणून.

"मावशी," ती म्हणाली, "तुमचा उजवा हात कधी बांधलेला होता का? पट्टी, प्लास्टर, काहीही?"

चंद्रभागाबाईंनी रोपं खुपसता खुपसता आठवलं. "हात नाई मोडला कधी. पन मागच्या सालच्या जानेवारीत मले ताप भरला होता ना, डोक्यात गेल्ता. पवनीले दवाखान्यात ठेवलं होतं अकरा दिवस. डाव्या हाताची नसच सापडे ना, त उजव्याले सलाईन लावली, हात पाटीले बांधून ठेवला. मले त सुद नोती चार-पाच दिवस."

"जवळ कोण होतं?"

"निर्मला. अकराई दिवस. हिचा पोट्टा आला नाई, सगे आले नाई. हिनं माह्या गू-मूत काढलं, मॅडम. हे नसती त मी नसती आज."

त्यांनी हे मोठ्या अभिमानानं, सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं सांगितलं. शेजारच्या निर्मलाबाईंचा चिखलात गेलेला हात बाहेर आला नाही. एक पाऊल ओळ मागे सरकली, त्या सरकल्या नाहीत. शाईची डबी असलेली त्यांची पिशवी धुऱ्यावर, तृप्तीच्या बाजूलाच होती. तृप्तीनं ती उघडली नाही. हजेरीच्या रजिस्टरातले जांभळे अंगठे तिनं मंगळवारीच पाहिले होते.

चंद्रभागाबाईंनी जावेकडे पाहिलं. मग तृप्तीकडे. मग पुन्हा जावेकडे, आणि या खेपेला बराच वेळ.

"निर्मला?" त्या म्हणाल्या.

निर्मलाबाईंनी हातातली पेंडी पाण्यात सोडली आणि त्या धुऱ्यावर येऊन बसल्या. कुणी काही विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं, खाली बघत, सपाट आवाजात. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाला होता, काही सांगता येत नाही, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा. बाई गेल्या तर प्लॉट सरकारजमा होईल असं त्यांना वाटलं. पोराला चार महिने कमी पडले म्हणून प्लॉट नाकारला होता, ते त्यांच्या मनातून कधी गेलंच नव्हतं. दुपारी वॉर्डात कुणी नव्हतं. गटाची डबी पिशवीत होती, रजिस्टरातला कोरा कागद फाडला. उजवा हात पाटीला बांधलेला होता.

"पाचव्या दिवशी बाईनं डोळे उघडले. मले खुशी झाली, मॅडम. खरंच झाली. मी रडली."

"मग कागद फाडला का नाहीत?" तृप्तीनं विचारलं.

 कागद पेटीत राहिला. यंदा कैलाशचं लग्न ठरायला लागलं, मुलीकडचे घर कुठं म्हणून विचारू लागले, तेव्हा तो पेटीतून बाहेर आला. अंगठ्याच्या वरच्या जागेत मजकूर बसवायचं आणि मागची तारीख घालायचं काम भुपेंद्रनं केलं.

चंद्रभागाबाई पुन्हा ओळीत वाकल्या. दिवसभराची रोवणी त्यांनी पुरी केली. निर्मलाबाईंची जागा रिकामीच राहिली.

६

संध्याकाळी टिकाराम भुपेंद्रला घेऊन आला. बायकांचे सोळा ठसे समोर मांडल्यावर त्यानं फार वेळ घेतला नाही. कागद अंगठ्यासकट आला होता, तो म्हणाला, अक्षर बारीक करून मजकूर बसवला. दुकानाचं लायसन्स जाईल का, हे त्यानं चारदा विचारलं.

शुक्रवारी सुनावणीला तृप्तीनं अहवाल वाचला. ठसा चंद्रभागाबाईंच्या डाव्या अंगठ्याचा आहे. तो १९ जुलैला घेतलेला असू शकत नाही. तो कधी घेतला ते निर्मलाबाईंनी स्वतः सांगितलं आहे. कैलाश मागच्या बाकावर आईपासून एक जागा सोडून बसला होता.  साहेबांनी संमतीपत्र रद्द ठरवलं, प्लॉट तेहतीस चंद्रभागाबाईंच्याच नावावर राहील असं सांगितलं, आणि पोलिसात द्यायची तक्रार लिहून घ्यायला कागद पुढं ओढला.

तुम्हाला काय सांगायचं ते सांगा, ते म्हणाले.

चंद्रभागाबाई उभ्या राहिल्या. "लिवा. मी बेसुद असतानी माह्या जावेनं माह्या अंगठा घेतला."

साहेबांनी लिहिलं आणि कागद अंगठ्यासाठी फिरवला. चंद्रभागाबाईंनी हात पुढे केला नाही.

"अजून लिवा. तिनं अकरा दिवस माह्या गू-मूत काढलं. म्हनून मी जित्ती आहे."

साहेब म्हणाले, बाई, याचा तक्रारीशी काही संबंध नाही. पोलीस हे वाचून काय करणार?

"दोनी झालं. मंग एकच कायले लिवता?"

साहेबांनी तृप्तीकडे पाहिलं. रेघांबद्दल विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. हे तिच्या विषयातलं नव्हतं, पण आपल्याला काय वाटतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. "लिहा ना, सर," ती म्हणाली. मागं माणसं खोळंबली होती, शिपाई दोनदा डोकावून गेला. बाई उभ्याच होत्या आणि बसायचं त्यांचं चिन्ह दिसत नव्हतं. शेवटी साहेबांनी दुसरं वाक्यही लिहिलं.

"मले वाचता येत नाई. वाचून दाखवा," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

साहेबांनी मोठ्यानं वाचलं. पहिलं वाक्य निर्मलाबाईंनी ताठ मानेनं ऐकलं. ते ऐकायची त्यांनी तयारी करून ठेवली होती. दुसरं वाक्य सुरू झालं तशा त्या उठल्या, आणि ते पुरं व्हायच्या आत दार लोटून बाहेर गेल्या.

चंद्रभागाबाईंनी दाराकडे पाहिलं नाही. सगळं झालं का वाचून, असं त्यांनी साहेबांना विचारलं. साहेब हो म्हणाले, तेव्हा त्यांनी अंगठा दिला आणि त्या खाली बसल्या.